गाडीतल्या घराला फ्रिज कोणता: २३० व्होल्टचा घरचा, की १२ व्होल्टचा डीसी?

ट्रॅव्हलरचं मोटरहोम करून घेताना बॉडीवाला पलंग, ओटा, पाण्याची टाकी सगळं आखून देतो. मग ओट्याशेजारी दोन बाय दोन फुटांचा कोनाडा मोकळा सोडून विचारतो, "इथे फ्रिज कोणता बसवणार?" गाडी पीथमपूरची, काम देवास नाक्याकडचं, आणि फ्रिज मात्र 'नंतर बघू' म्हणून राहिलेला, असा प्रकार इंदुरात वरचेवर दिसतो. नंतर बघितलं की केबल, बॅटरी आणि सोलर आधीच ठरलेले असतात आणि फ्रिजला त्यांच्याशी जमवून घ्यावं लागतं. खरं तर क्रम उलटा हवा. चोवीस तास वीज खाणारी गाडीतली एकमेव वस्तू हीच, म्हणून आधी फ्रिज ठरवायचा आणि त्यावरून बॅटरी.

आधी नावांचा घोळ मिटवू. दुकानदार 'इन्व्हर्टर फ्रिज' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की फ्रिजचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरतो. त्याला वीज २३० व्होल्टचीच लागते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा डबा वेगळा, आणि त्यालाही इन्व्हर्टरच म्हणतात. 'इन्व्हर्टर फ्रिज घेतला, आता इन्व्हर्टर नको' असं समजून बसलेले लोक भेटतात, म्हणून हे सुरुवातीलाच. पुढे सगळीकडे 'इन्व्हर्टर' म्हणजे हा डबा. फ्रिजच्या बाबतीत 'साधा कॉम्प्रेसर' आणि 'बदलत्या वेगाचा कॉम्प्रेसर' असे शब्द वापरले आहेत.

रोज बॅटरीतून किती जातं

घरच्या फ्रिजवर बीईईचं स्टार लेबल असतं आणि त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा सुमारे १९० लिटरच्या सिंगल डोअरवर १५० युनिट लिहिलेत. १,५०,००० वॅट-तासांना ३६५ ने भागलं की दिवसाला ४११ वॅट-तास. हा आकडा प्रयोगशाळेतला. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आत ४५ अंश होतात आणि मुलं दर दहा मिनिटांनी दार उघडतात, तेव्हा चाळीस टक्के तरी वाढवा. म्हणजे ५७५ वॅट-तास.

आता इन्व्हर्टर त्यात आपला वाटा घेतो. बदल करताना दहा टक्के जातात, म्हणजे ६३९ झाले. शिवाय फ्रिज बंद असतानाही इन्व्हर्टर जागाच असतो. १००० वॅटचा डबा रिकामा असताना साधारण १५ वॅट खातो, चोवीस तासांचे ३६०. एकूण सुमारे १००० वॅट-तास, १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून ७८ एएच, म्हणजे अँपिअर-तास. त्यातला तिसरा हिस्सा फ्रिजपर्यंत पोचतच नाही, नुसता डब्याच्या जागरणात जातो. घरचा फ्रिज वीज फार खातो म्हणून त्याला नावं ठेवतात, पण चोर बहुतेक वेळा शेजारी बसलेला असतो.

बदलत्या वेगाचा कॉम्प्रेसर घेतला तर? लेबलवर १२० युनिट धरा. दिवसाचे ३२९, गाडीतले ४६०. हा कॉम्प्रेसर सुरू होताना झटका देत नाही, त्यामुळे ५००-६०० वॅटचा छोटा इन्व्हर्टर पुरतो आणि त्याचं रिकामं खाणं ८ वॅटच्या आसपास मिळू शकतं. ४६० चे ५११, अधिक १९२, म्हणजे ७०० च्या वर थोडे, ५५ एएच.

डीसी फ्रिजमध्ये इन्व्हर्टरच नाही. बॅटरीची वायर थेट त्याच्या कंट्रोलरला जाते. चांगल्या फ्रिजमध्ये बहुधा सेकॉपचा, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचा, बीडी मालिकेतला कॉम्प्रेसर असतो. ५० लिटरच्या चेस्ट, म्हणजे पेटीसारख्या वरून उघडणाऱ्या, प्रकाराला आपल्या उन्हाळ्यात ३५ ते ४५ एएच धरून चाला.

| | घरचा, साधा कॉम्प्रेसर | घरचा, बदलत्या वेगाचा | डीसी, चेस्ट |
|---|---|---|---|
| क्षमता | सुमारे १९० लि. | सुमारे १९० लि. | सुमारे ५० लि. |
| इन्व्हर्टर | १००० वॅट, प्युअर साइन | ५००-६०० वॅट, प्युअर साइन | नको |
| दिवसाचा खर्च | ७८ एएच | ५५ एएच | ३५-४५ एएच |
| सुरू होताना बॅटरीवर | क्षणभर १०० अँपिअरच्या वर | जेमतेम | जेमतेम |
| बॅटरीची केबल | ३५ स्क्वेअर एमएम | १६ स्क्वेअर एमएम | लांबीप्रमाणे ४ ते १० |
| बिघडला तर | कुठल्याही गावात मेकॅनिक | मेकॅनिक मिळतो, बोर्ड मिळेलच असं नाही | पार्सलची वाट बघा |

लिटरच्या हिशेबाने बघितलं तर घरचा फ्रिज डीसीपेक्षा सरस आहे, कारण जागा चौपट मिळते. तेव्हा 'डीसी कमी खातो' हे अर्धसत्य आहे. तो लहान असतो म्हणून कमी खातो, आणि इन्व्हर्टर लागत नाही म्हणून आणखी कमी.

हे आकडे आमच्या हिशेबाचे आहेत, तुमच्या फ्रिजचे वेगळे येतील. तो आधीच घरात असेल तर प्लगमध्ये खोचायचा वॉटमीटर आणा, फ्रिज चोवीस तास त्यावर चालवा आणि युनिट वाचा. लेबलपेक्षा हे खरं.

सुरू होतानाचा झटका

साधा कॉम्प्रेसर चालताना ११०-१२० वॅट घेतो, पण सुरू होताना अर्ध्या सेकंदापुरता त्याच्या सात-आठपट, कधी दहापट करंट ओढतो. २३० व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे ११५० व्हीए. हेच बॅटरीच्या बाजूला १०० ते १२० अँपिअर होतात. म्हणून '१२० वॅटचा फ्रिज, ३०० वॅटचा इन्व्हर्टर, भरपूर झाला' हा हिशेब फसतो.

फसतो तो कसा, ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे. फ्रिजच्या मागून 'टिक्' येतं, मग दोन-तीन सेकंद दबका 'घुंऽ', पुन्हा 'टिक्', आणि शांतता. तीन-चार मिनिटांनी तेच. आत दिवा लागलेला असतो, म्हणून घरच्यांना वाटतं फ्रिज चालू आहे. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर फिरायचा प्रयत्न करतो, व्होल्टेज कोसळतं, ओव्हरलोड प्रोटेक्टर तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. संध्याकाळपर्यंत दूध नासतं आणि दोष मात्र फ्रिजला लागतो.

व्होल्टेज कोसळतं कुठे? तीन मीटरच्या, म्हणजे जाण्या-येण्याच्या मिळून, १० स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा विरोध ५.२५ मिलिओहम. १२० अँपिअरला त्यात ०.६३ व्होल्ट गेले. जुन्या लेड-अॅसिड बॅटरीचा आतला विरोध २० मिलिओहम असेल तर तिच्यातच २.४ गेले. १२.२ वरून निघालेले व्होल्ट इन्व्हर्टरपाशी ९.२ उरले, आणि बरेच इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास 'लो बॅटरी' म्हणून बंद होतात. तीच केबल ३५ स्क्वेअर एमएमची आणि बॅटरी चांगली एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, असेल तर केबलमध्ये ०.१८ आणि बॅटरीत जास्तीत जास्त १.२ जातात. १३ वरून निघून ११.६ उरतात आणि कॉम्प्रेसर बिनबोभाट उठतो. म्हणजे ज्याला लोक 'इन्व्हर्टर कमी पडतोय' म्हणतात ते पुष्कळदा केबलचं आणि बॅटरीचं दुखणं असतं. दुप्पट वॅटचा इन्व्हर्टर आणून ते बरं होत नाही, उलट रिकामं खाणं वाढतं.

आणखी एक खोच. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतला दाब समतोल व्हायला आणि स्टार्ट रिले, म्हणजे पीटीसी, थंड व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. बाहेरच्या लाइटवरून बॅटरीवर जाताना वीज क्षणभर जरी तुटली तरी कॉम्प्रेसर भरल्या दाबावर उठायला बघतो आणि अडकतो. साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला तीन मिनिटांच्या डिलेचा टायमर लावला की हा प्रश्न संपतो. जास्त वेगाने बदल करणारे इन्व्हर्टर शोधत बसू नका, टायमर स्वस्त आहे.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच. स्क्वेअर वेव्हवर साधी मोटर चालते खरी, पण गुणगुणते आणि तापते. बदलत्या वेगाच्या फ्रिजचा बोर्ड तर त्यावर लावूच नये. स्टॅबिलायझरही मध्ये घालू नका. इन्व्हर्टरचं व्होल्टेज स्थिरच असतं, स्टॅबिलायझर फक्त वीज खातो.

इन्व्हर्टरवर 'पॉवर सेव्ह' किंवा 'सर्च' मोड असेल तर रिकामं खाणं दोन-तीन वॅटवर येतं. डब्याला ओझं जाणवलं की तो जागा होतो. गोल फिरवायच्या थर्मोस्टॅटच्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला हे छान जमतं. इलेक्ट्रॉनिक बोर्डवाल्याला जमत नाही: बोर्ड इतकं कमी ओढतो, की इन्व्हर्टर त्याला ओझं मानत नाही, झोपतो, आणि बोर्डचा डिले टायमर दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. फ्रिज कधीच चालू होत नाही.

फ्रॉस्ट-फ्री डबल डोअरचा मोह होतो, पण त्यात बर्फ वितळवायचा हीटर असतो. दीडशे-दोनशे वॅटचा तो हीटर वीस-तीस मिनिटं चालतो, तोही वेळ बघून नव्हे. पहाटे चारला बॅटरी तळाला असताना त्याची पाळी आली तर आलीच. डायरेक्ट कूल घ्या आणि आठवड्यातून एकदा बर्फ हाताने काढा.

घरचा फ्रिज ठरला, तर वायरिंग

बॅटरी आणि इन्व्हर्टर जवळ, फ्रिज लांब असला तरी चालेल. उलटं केलेलं पुष्कळ गाड्यांत दिसतं: इन्व्हर्टर फ्रिजमागे आणि बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली. २३० व्होल्टच्या बाजूला अर्धा-एक अँपिअर असतो, ती वायर लांब गेली तर काही बिघडत नाही. १२ च्या बाजूला शंभर असतात.

प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज. १००० वॅटच्या डब्याला १२५ अँपिअर: १००० भागिले ०.८८, भागिले कमीत कमी १०.५ व्होल्ट, म्हणजे १०८ अँपिअर, त्याच्या वरचा फ्यूज. ५०० च्या डब्याला ५४ येतात, तिथे ८० चा. फ्यूज केबल वाचवायला असतो, त्यामुळे बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा संरक्षणाशिवायच राहतो. तो वीतभरच हवा, आणि त्यावर स्लीव्ह चढवलेली हवी. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. साधा एएनएल फ्यूज ६००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो, क्लास-टी २०,००० पर्यंत. लिथियमला क्लास-टी घ्या, नाहीतर डीसी रेटिंग छापलेला एचआरसी. घरच्या डीबीतली एसी एमसीबी इथे अजिबात नको, कारण डीसीची ठिणगी ती विझवू शकत नाही.

फ्यूजनंतर फिरवायचा कट-ऑफ स्विच, मग इन्व्हर्टर. मायनसच्या बाजूला शंट, म्हणजे बॅटरी मॉनिटर एएच मोजेल. नुसत्या व्होल्टवरून लिथियमची पातळी कळत नाही, २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत व्होल्ट जवळपास तेवढेच दिसतात.

महाराणी रोडवर केबल घेताना वेल्डिंग केबल मागा, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची. ब्लेडने एक तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, ते ठेवून द्या. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाचं कडं, हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं थिंबल गाडीच्या हादऱ्यांनी सहा महिन्यांत सैल होतं. तपासायला सोपं आहे: फ्रिज आणि पंखा वीस मिनिटं चालवून प्रत्येक थिंबलला हात लावा. एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ते कापून नवीन दाबा. मग मल्टीमीटरची एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं इन्व्हर्टरच्या प्लसवर धरा. कॉम्प्रेसर उठताना आकडा पाव व्होल्टच्या वर उडाला तर मध्ये कुठेतरी जोड कच्चा आहे. करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागेल, आणि तो डीसी मोजणारा हवा. बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि डीसी केबलवर शून्य दाखवतात.

पहिल्यांदा जोडताना टर्मिनलवर मोठी ठिणगी उडते, कारण इन्व्हर्टरचे कपॅसिटर एकदम भरतात. त्याने टर्मिनल करपतं आणि कधी कधी लिथियमची बीएमएस, म्हणजे तिच्यातलं राखणदार सर्किट, शॉर्ट समजून बंद पडते. शेवटची प्लस जोडण्याआधी २५-५० ओहमचा रेझिस्टर काही सेकंद मध्ये धरला की ठिणगी उडत नाही.

२३० च्या बाजूला २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअर फ्लेक्सिबल वायर. घरात भिंतीत घालतात ती कडक एकतारी नको, हादऱ्यांनी तुटते. इन्व्हर्टरकडून आणि बाहेरच्या प्लगकडून येणाऱ्या वायरी दोन पोलच्या चेंजओव्हर स्विचवर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतील असा. त्यानंतर ६ अँपिअरची डबल पोल एमसीबी, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तोडणारा स्विच, मग सॉकेट. बाहेरचा लाइट इन्व्हर्टरच्या आउटपुटमध्ये शिरला की इन्व्हर्टर जळतो, दुसरी संधी नसते. बॅटरी चार्जर कधीही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावू नका, तो फक्त बाहेरच्या लाइटवर. नाहीतर बॅटरी स्वतःलाच चार्ज करत रात्रभर रिकामी होते.

आरसीसीबीचं एक गुपित वायरमनलाही पुष्कळदा माहीत नसतं. गाडीतल्या इन्व्हर्टरचे दोन्ही टोक जमिनीपासून सुटे असतात, त्यामुळे नुसती आरसीसीबी लावली तर ती शोभेची राहते. तिचं काम व्हायला इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल आणि चासी एकत्र बांधलेले हवेत, आणि बाहेरच्या लाइटवर गेल्यावर तो बांध सुटायला हवा. काही इन्व्हर्टरमध्ये हे आपोआप होतं. काही स्वस्त डब्यांचं एक टोक चासीला बांधलं की ते जळतात. म्हणून मॅन्युअलमध्ये 'न्यूट्रल-अर्थ बाँडिंग' शोधा, नसेल तर तो डबा घेऊ नका. इन्व्हर्टरच्या अर्थ बोल्टपासून चासीला जाड वायर, किमान १६ स्क्वेअर एमएम, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून.

आणि नातेवाइकांच्या दारात गाडी लावून खिडकीतून एक्स्टेंशन ओढायचा असेल, तर आधी त्या सॉकेटची अर्थिंग बघा. जुन्या वाड्यांत तीन भोकं असतात, तिसऱ्याच्या मागे वायर नसते. अशा ठिकाणी गाडीचा पत्रा हाताला झिणझिण्या देऊ शकतो.

डीसीचं वायरिंग

इथे काम कमी, पण चूक एकच आणि सगळे तीच करतात: सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावणं. त्या सॉकेटमागची वायर बारीक असते, पिन सैल असते, आणि व्होल्टेज पडतं. बीडी कॉम्प्रेसरचा कंट्रोलर १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ आल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. बॅटरी १२.४ वर असली तरी फ्रिजला तेवढे पोचत नसतील तर तो तोडतो.

म्हणून थेट बॅटरीपासून वेगळी जोडी, १५ अँपिअरचा फ्यूज, मध्ये कुठलाही स्विच किंवा जोड नको. जाडी उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे, १२ व्होल्टवर: अडीच मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, चारपर्यंत ४, सहापर्यंत ६, दहापर्यंत १०. लक्षात ठेवायला सोपं, जितके मीटर तितके स्क्वेअर एमएम. मोठ्या बस-चासीवर २४ व्होल्ट असतात, तिथे त्याच वायरीला दुप्पट लांबी चालते आणि फ्यूज साडेसातचा.

कंट्रोलरवर एलईडी असेल तर तो झपकून सांगतो: एकदा म्हणजे व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंख्यावर जास्त करंट, तीनदा म्हणजे मोटर उठली नाही, चारदा म्हणजे वेग पडला, पाचदा म्हणजे कंट्रोलर तापला. आपल्याकडे एप्रिलनंतर पाच झपके येतात, आणि कारण बहुधा सुताराने फ्रिजमागे चिकटवलेली फळी असते.

हवा, घाट आणि दार

आजकालच्या बऱ्याच घरच्या फ्रिजचा कंडेन्सर बाजूच्या पत्र्यात लपलेला असतो, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. कोनाड्यात घट्ट बसवला तर उष्णता आतच फिरते, कॉम्प्रेसर बंदच होत नाही, आणि वरचा ७८ एएचचा आकडा शंभरच्या पलीकडे जातो. दोन्ही बाजूंना आणि मागे पाच-पाच सेंटिमीटर, खाली जाळी, वर जाळी. वरच्या जाळीमागे १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा लावला तर दोन वॅटमध्ये त्याचे पैसे वसूल. फ्रिजच्या आत क्लायमेट क्लासचं अक्षर असतं. 'एन' ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. इंदुरात 'टी' च बघा.

भेरूघाटात, बिजासन घाटात वळणावर घरच्या फ्रिजचं दार उघडतं. चुंबकाची पट्टी घरातल्या जमिनीसाठी केलेली असते. बाहेरून बोटीवर किंवा कपाटावर लावतात तशी दाबून लागणारी कडी बसवा. ड्रिल मारताना बाजूच्या पत्र्यात भोक पाडू नका, आत गॅसची नळी आहे. बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, पेटणारा. आतल्या काचेच्या फळ्या काढून जाळी टाका, फ्रिजचे पाय काढून लाकडी चौकटीत पट्ट्याने आवळा. चेस्ट प्रकारच्या डीसी फ्रिजला ही कटकट नाही, झाकण वरून उघडतं आणि थंडावाही बाहेर सांडत नाही. वाकून तळातली भाजी शोधायची तयारी हवी एवढंच.

घरचा यूपीएस आणि ट्यूब्युलर?

'घरातला ९०० व्हीएचा यूपीएस आणि १५० एएचची ट्यूब्युलर गाडीत ठेवली तर?' हे हमखास विचारतात. एक गुण मान्य करू: ट्रान्सफॉर्मरवाला यूपीएस झटका चांगला पेलतो. बाकी सगळं विरुद्ध आहे. ट्यूब्युलरचं वजन पन्नास किलोच्या पुढे, वापरण्याजोगे अर्धेच म्हणजे ७५ एएच, तेही रोज काढलेत तर लवकर संपते. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि घाटात अॅसिड सांडतं. झोपायच्या जागेत ती नको. एलपीजीवर चालणारा शोषण प्रकारचा फ्रिज परदेशी गाड्यांत असतो. गाडी समपातळीवर नसली की तो थंड करत नाही, आपल्या उन्हात दमतो, आणि १२ व्होल्टवर शंभरच्या वर वॅट सतत खातो. विषय संपला.

भरपाई कुठून

४०० वॅटचं पॅनल, पाच तास ऊन, गरम छतामुळे सत्तर टक्के: १४०० वॅट-तास. उन्हाळ्यात तिन्हींपैकी कुठल्याही एका फ्रिजला पुरून उरतं. आषाढ-श्रावणात यातला तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप, म्हणजे साधा कॉम्प्रेसर पहिल्याच दिवशी तोट्यात. ४०० वॅटला ३० अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे सोलरचा चार्ज कंट्रोलर, लागतो.

चालत्या गाडीवर ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर: महेश्वरपर्यंतच्या सव्वादोन तासांत ६५ एएचच्या आसपास. लिथियम रिलेने थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती अल्टरनेटर देईल तेवढं ओढत राहते आणि गाडी उभी राहून इंजिन चालू असताना तो जळतो. लिथियम बॉनेटजवळ नको, आणि हिमाचलकडे निघालात तर शून्याच्या खाली तिला चार्ज करायचं नाही.

कोणी काय घ्यावं

शनिवार-रविवार ओंकारेश्वर, मांडू, कधी शिर्डी, माणसं दोन-तीन, गाडी बाकी आठवडा दारात उभी. डीसी चेस्ट घ्या, १०० एएचची लिथियम, २०० वॅटचं पॅनल. फ्रिज महाग पडतो, पण इन्व्हर्टर, जाड केबल, चेंजओव्हर सगळं वाचतं, आणि बेरीज जवळपास सारखीच येते. इन्सुलिन सोबत असेल तर हाच. २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि रात्री इन्व्हर्टर कधी बंद पडला हे कळत नाही.

पाच-सहा जणांचं कुटुंब, दहा-पंधरा दिवस बाहेर, रोजचा स्वयंपाक, श्रीखंडाचा डबा, कणीक, दूध सगळं आत: घरचा डायरेक्ट कूल, बदलत्या वेगाच्या कॉम्प्रेसरचा, स्वतःच्या वेगळ्या ५००-६०० वॅटच्या इन्व्हर्टरवर. मिक्सर-इंडक्शनसाठी २००० वॅटचा असेल तरी फ्रिज त्यावर टाकू नका. मोठा डबा रात्रभर फ्रिजसाठी जागा ठेवणं म्हणजे पोळीसाठी भट्टी पेटवणं. २०० एएच लिथियम आणि ४०० वॅटचं पॅनल.

साधा कॉम्प्रेसर तेव्हाच, जेव्हा फ्रिज घरात फुकट पडलेला आहे आणि मुक्कामाला बहुतेक ठिकाणी प्लग मिळतो. मग इन्व्हर्टर फक्त प्रवासात लागेल आणि ७८ एएचची चिंता उरत नाही.

गाडीच्या रचनेत बदल केला की आरटीओची नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे. बॉडीवाल्याकडून वायरिंगचा नकाशा कागदावर घ्या, फ्यूजच्या आकड्यांसकट.

पहिल्या प्रवासाआधी एक रात्र गाडी दारातच उभी करा. संध्याकाळी फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून थंड करून घ्या, बाहेरचा प्लग काढा, रात्री दहाला शंटवरचा एएचचा आकडा लिहा आणि सकाळी सहाला पुन्हा. आठ तासांचा फरक तिपटीने गुणला की दिवसाचा आकडा, उन्हाळ्यात त्यावर चौथाई जास्त. साध्या कॉम्प्रेसरवर आठ तासांत २१ च्या आत आले तर हिशेब जुळला. ४० आले तर आधी फ्रिजच्या बाजूंना हात लावून बघा, मग फ्रिजचा प्लग इन्व्हर्टरमधून काढून नुसता डबा किती खातो ते मोजा.